सगळ्यांची शेजारीण

मला सूड आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. क्षमा करणारी माणसं थोर असतात म्हणे. असोत बापडी. मी जिची गोष्ट सांगतोय तिने क्षमा केली नाही. तिने डूख धरला आणि एक उभी कंपनी आडवी केली. ती आडवी होताना मी आतच बसलो होतो आणि सगळं डोळे भरून पाहिलं. अजूनही मन उदास झालं की मी तो दिवस आठवतो आणि मला बरं वाटतं.

आमची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक मजला. खाली दिवसभर चाकं काढायचा-चढवायचा खडखडाट आणि वर आम्ही शहाणी माणसं, कानाला यंत्रं लावून, रांगेने बसलेली. आम्ही फोनवरचा एक खेळ चालवायचो, 'हिरवी गल्ली' नावाचा. तुम्हाला गल्लीत एक घर मिळायचं, घरापुढे एक वाफा. वाफ्यात हवं ते लावा. गोम एवढीच की स्वतःच्या वाफ्याला स्वतः पाणी घालता यायचं नाही. ते शेजाऱ्याने घालायचं आणि त्याच्या वाफ्याला तुम्ही. तुम्ही दांडी मारलीत तर तुमचं काही बिघडत नव्हतं. शेजारच्या बिचाऱ्याची रोपं माना टाकायची आणि तो तुम्हाला काही बोलायचा नाही, नुसता एक उदास चेहरा पाठवायचा.

खेळातले आवाज माझे. फोमने मढवलेल्या कपाटवजा खोलीत बसून मी नळाचा, बादलीचा, फाटकाच्या कडीचा आवाज बनवायचो. गल्लीच्या कोपऱ्यावर एक गाय होती. तिचं हंबरणंही माझंच, त्यामुळे ऑफिसात मला 'हंबरे' म्हणायचे. नवीन माणसांना ते माझं आडनाव वाटायचं आणि ती मला आदराने 'हंबरेसाहेब' म्हणायची.

आणि तिला सगळे म्हणायचे शेजारीण. खेळात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला शेजारी कुठून आणायचे? म्हणून कंपनीनेच काही शेजारी बनवून ठेवले होते, आणि ते सगळेच्या सगळे म्हणजे ही एकटी बाई. बटणांचं दुकान चालवणारी आजी ती. झोप न येणारा निवृत्त गार्ड ती. मांजरांवरून नवऱ्याशी भांडणारी नवी नवरी तीच. आणि गणिताचे निवृत्त मास्तर, पाय अधू, जीभ तिखट, तेही तीच. एकेकाची बोलायची ढब वेगळी. आजी वाक्य अर्धं सोडायची, गार्ड प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'सर्व ठीक' लिहायचा. ही आधी एका कुरिअर कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसायची. हरवलेल्या पार्सलांसाठी शिव्या देणाऱ्या लोकांना शांत करता करता तिला माणसं पाठ झाली होती. बुटकी, सावकाश चालणारी, आणि कोणी मध्येच बोललं तर वाक्य तिथेच सोडून देणारी. मग ते वाक्य तुम्हाला कधी ऐकायला मिळायचं नाही.

आमच्या मालकाचं नाव मी घेणार नाही. आम्ही त्याला आलेखसाहेब म्हणायचो, कारण तो जाईल तिथे एक वर चढणारी रेघ दाखवायचा. भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर ती रेघ दिवसभर झळकायची. रोज किती लोक आले, एकमेकांना किती निरोप धाडले, याची. रेघ चढली की साहेब माणसात असायचा. जरा वाकली की आमच्या अंगावर यायचा.

एका बैठकीत त्याने स्वतःच प्रश्न विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. "लोक मला विचारतात, ही भरभराट किती दिवस टिकेल? मी सांगतो, माणूस आहे तोवर शेजार आहे, आणि शेजार आहे तोवर आपण आहोत." सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. मीही हलवली, पगार घेत होतो.

शेजारीण म्हणाली, "लोक खेळायला येत नाहीत, साहेब. भिडेपोटी येतात. मला रोज लिहितात ना. प्रवासात होतो, माफ करा. मूल झालं, माफ करा. एकाने बापाला पोचवून येताना वाटेतून लिहिलं, आज उशीर झाला, माफ करा. ही भीड किती दिवस पुरेल?"

"भीड कधी संपत नसते, बाई," साहेब हसून म्हणाला. "तीच तर आपली खाण आहे."

भीड भिकेची बहीण, असं आपल्यात म्हणतातच. साहेबाने त्या बहिणीलाही कामाला लावलं. सोन्याची बादली म्हणून एक चीज काढली. ती विकत घेऊन शेजाऱ्याला दिली की त्याचा वाफा आठवडाभर सुकायचा नाही. आणि हुकूम निघाला की शेजाऱ्यांनी ती मागायची. आजीने मागायची, गार्डाने मागायची, मास्तरांनी आजारी पडून मागायची.

शेजारीण म्हणाली, "माझी माणसं भीक मागणार नाहीत."

"तुमची?" साहेबाने विचारलं. त्याने ते इतक्या मऊ आवाजात विचारलं की पुढचं मला तेव्हाच कळलं.

पुढच्याच आठवड्यात तिचं कार्ड दाराला लागेना. आत येऊ दिलं नाही. दारावरच्या माणसाने एका खोक्यात तिचा कप, चप्पल आणि शाल घालून दिली. साहेब जिन्यातच भेटला, खाली उतरत होता. तिने विचारलं, माझं काम कोण करणार? तो म्हणाला, "यंत्र करेल. तुम्ही लिहिलेलं सगळं आम्ही त्याला खाऊ घातलंय. तुमची गरज नाही आता, बाई. तुमची भाषा आहे आमच्याकडे." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी वरच्या पायरीवर उभा होतो आणि मला त्याला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. ढकललं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तिच्या घराचं सांगतो, कारण खरी जखम तिथे झाली.

तिचे आईबाप लवकर गेले. आत्याने वाढवलं. आत्या म्हणजे एका दवाखान्याच्या दारावर नंबर पुकारणारी बाई. आवाज असा की रस्त्यापलीकडे पान खात बसलेला पेशंटसुद्धा धावत यायचा. सगळं आयुष्य माणसांच्या गर्दीत काढलेलं. मग खुब्याचं हाड गेलं आणि ती वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत अडकली. इमारतीला लिफ्ट नाही. समोरच्या दाराला बाहेरून चपलांचं कपाट आणि आतून कायम कडी. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसायचे. भाची दिवसभर कामावर. बोलायचं कोणाशी?

म्हणून शेजारणीने आत्याला फोन घेऊन दिला, हिरव्या गल्लीत घर मिळवून दिलं आणि शेजारी आणून बसवले मास्तर. आत्याने तिथे आपलं नाव ठेवलं 'नंबरबाई'. दोघांचं पहिल्या दिवशीच भांडण झालं, वांगी लावायची की झेंडू यावरून, आणि मग असं जमलं की काही विचारू नका. शेजारीण संध्याकाळी घरी आली की आत्या सांगायची, "आज मास्तर काय म्हणाले माहीत आहे?" आणि ही, जिने ते वाक्य दुपारी चहा पिता पिता लिहिलेलं असायचं, ती म्हणायची, "काय म्हणाले?" आणि हसायचीसुद्धा.

मी तिला एकदा म्हटलं, "अगं, सांगून का टाकत नाहीस?"

"सांगेन की. आत्याला एखादी खरी मैत्रीण मिळाली की लगेच सांगेन."

त्या मजल्यावर खरी मैत्रीण उडत येणार होती का?

नोकरी गेल्यावर तिने आत्याला सांगितलं, रजा घेतलीय. आणि ती नवीन कामाच्या शोधात हिंडत असताना इकडे यंत्राचे मास्तर बोलू लागले. भाषा हिचीच, तिखट जीभ तीच, फक्त आतला माणूस काढून घेतलेला. 'नंबरबाई, पाय फार दुखतो. वाफा सुकत चालला. सोन्याची बादली द्याल ना?' आत्याने दिली. 'नंबरबाई, ताप आहे. पुन्हा द्याल?' पुन्हा दिली. मग एका दुपारी: 'नंबरबाई, तुम्ही आज आला नाहीत. शेजारी म्हणवता आणि मला मरायला सोडता. आता मला कोणी नाही.'

आत्याने काठी घेतली आणि ती मास्तरांकडे निघाली. पत्ता माहीत नाही, काही नाही. खाली जाऊन कोणाला तरी विचारू, असं तिच्या मनात होतं. दवाखान्यात सगळे पत्ते असेच सापडायचे. ती जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंतसुद्धा पोचली नाही. पडली. खुब्याचं बसवलेलं हाड पुन्हा मोडलं. समोरच्या दाराची कडी त्या आवाजानेही निघाली नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला आलेल्या माणसाने तिला पाहिलं.

मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा आत्या गुंगीत होती आणि भाचीला सांगत होती, "मास्तरांना कळव. म्हणावं, निघाले होते."

शेजारणीने तिचा फोन घेऊन ते सगळे निरोप वाचले. स्वतःचीच वाक्यं, आपल्याच आत्याला पाडायला वापरलेली. ती रडली नाही. फोन बंद करून पिशवीत ठेवला, मला म्हणाली, "हंबरे, त्याचं वाटोळं करायचंय. तू आहेस की नाहीस?"

"आहे," मी म्हटलं. मला वाटलं ती काच फोडायला चल म्हणेल. मी त्यालाही तयार होतो.

पण तिचं डोकं थंड होतं. तिने कपाटातून जुने फोन काढून माझ्यापुढे मांडले. गंमत अशी होती की तिची ही सगळी माणसं खेळात साध्या माणसांसारखीच नोंदवलेली होती. प्रत्येकाला एक फोन नंबर लागायचा. तेव्हा ऑफिसात ही कटकट कोणाला नको होती, म्हणून हिने आपल्याच घरातले जुने नंबर देऊन टाकले होते. ते बदलायचं कोणाला सुचलंच नाही. आयत्या बिळावरच्या नागोबाला बिळाचं मागचं दार माहीत नसतं. 'पासवर्ड विसरलात का?' असं खेळाने विचारलं, हिने 'हो' म्हटलं, आणि एका दुपारच्या आत सगळी माणसं घरी परत आली. यंत्र बाहेर बसलं.

आणि वेळ कशी साधली पाहा. त्याच दिवसांत साहेब कंपनी विकायला निघाला होता. विकत घेणाऱ्यांची माणसं आमच्या मजल्यावर येऊन बसली होती, पाहणीला. इथे खेळणारे खरे आहेत की कागदावरचे, हे ती तपासत होती. साहेबाने त्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं होतं की आजी, गार्ड, मास्तर ही मंडळी म्हणजे गल्लीचे मूळ रहिवासी, सर्वांत इमानी ग्राहक. ते मीच ऐकलं आणि मीच तिला कळवलं. आता त्या माणसांना कंपनीने नुसता हात जरी लावला असता, तरी पाहणीवाल्यांनी विचारलं असतं, का हो, तुमच्या सर्वांत जुन्या ग्राहकांना का हाकलताय? नाक असं दाबलं गेलं होतं.

पहिली निघाली बटणवाली आजी. तिने आपल्या सगळ्या शेजाऱ्यांना लिहिलं: 'मी उद्यापासून येणार नाही. वाफा सुकला तर सुकू दे, तो चित्रातला आहे. तुम्ही माझ्यासाठी येत असाल तर येऊ नका. मी रागावणार नाही. खरंच...' आणि नेहमीसारखं अर्धं सोडलं.

आमच्या खेळात निरोप घ्यायची सोयच नव्हती. साहेबाची सक्त ताकीद होती की शेजाऱ्याने कधी 'येतो' म्हणायचं नाही. मला घरात शिरायचा आवाज बनवायला सांगितला होता, निघायचा कधीच नाही. इतकी वर्षं त्या गल्लीत कोणी कोणाला 'आता पुरे' असं म्हणालंच नव्हतं. आजीने म्हटलं. मग गार्डाने म्हटलं, आणि शेवटी लिहिलं, 'सर्व ठीक'. मग मांजरांवाली नवी नवरी गेली.

चौथा-पाचवा शेजारी निघाला त्या सुमारास साहेबाचा तिला फोन आला. मी तिच्याकडेच बसलो होतो. तिने तो मोठ्याने लावला.

"हे काय चालवलंय, बाई? ती माणसं आमची आहेत!"

"तुमची? तुम्ही तर त्या पाहुण्यांना सांगितलंत की ती खरी माणसं आहेत."

"तुम्हाला चांगलं ठाऊक आहे ती काय आहेत."

"मग तसं सांगा त्यांना. आत्ता सांगा, मी थांबते फोनवर." तिने बोटांवर पाचापर्यंत मोजलं. "नाही सांगवत ना? खरी माणसं कधीतरी उठून जातात, साहेब. सवय करा."

तिने फोन ठेवला आणि आम्ही इतके हसलो की आतून, नुकत्याच हॉस्पिटलातून घरी आलेल्या आत्याने काठी आपटली.

पण पुढे झालं भलतंच. भिंतीवरची रेघ पडायच्या ऐवजी चढायला लागली. रोज वर, आणखी वर. इतके निरोप हिरव्या गल्लीत कधी वाहिले नव्हते. साहेब तर तरंगायलाच लागला. पाहणीवाल्यांना पडद्यापुढे उभं करून म्हणाला, "भरभराट टिकेल का म्हणून विचारत होतात ना? ही पाहा." आणि तिला त्याने चार शब्द पाठवले: 'तुमच्यामुळे गर्दी वाढली. आभार.'

ती दिवसभर तो निरोप पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. मीही मनातून खचलो. वाटलं, आपण पाय ओढायला गेलो आणि खांद्यावर चढवून बसलो. "मी त्याचा फायदाच केला, हंबरे," ती म्हणाली. "आत्या पडली आणि मी त्याचा फायदा केला." तिचा चेहरा असा झाला होता की मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एक उद्योग केला. रेघ कशाची आहे ते पाहिलं. म्हणजे लोक एकमेकांना काय लिहितायत ते वाचलं. ते वाचायची मुभा आम्हाला होती, पण वाचत कोणी नव्हतं, मोजत होते. एक बाई आपल्या शेजाऱ्याला लिहीत होती, 'मीही दमले होते हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून येत होते.' तो लिहीत होता, 'अहो, मीही तुमच्यासाठीच येत होतो!' पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे तेच. माफ करा, मीही. अगदी हलकं वाटतंय. चला, येतो. खुशाल राहा. घरोघरी जाऊन निरोप घेणं चाललं होतं. घर सोडताना दारात गर्दी जमते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी शुभकार्य आहे. साहेबाला तसं वाटत होतं.

मी तिला फोन करून एवढंच म्हटलं, "थांब. नुसती थांब."

सह्या व्हायचा दिवस ठरला. साहेब नवा कोट घालून आला. पाहुणे टेबलाभोवती बसले, पडदा लावला. आणि रेघ तिथे नव्हतीच. म्हणजे होती, पण तळाशी, जमिनीला टेकलेली. आदल्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी निरोप घेतला होता, त्यांच्यापैकी कोणी आलं नव्हतं. साहेब म्हणाला, पडदा बिघडलाय. तंत्रज्ञाला बोलावलं. तो म्हणाला, पडदा ठीक आहे. साहेबाने स्वतः फोन काढून गल्ली उघडली. घरामागून घरं, वाफ्यामागून वाफे, सगळे सुकलेले, आणि कोपऱ्यावर एकटी माझी गाय हंबरत होती. पाहुण्यांतल्या एका बाईने फाइल मिटली, शांतपणे विचारलं, "मागे तुम्ही मूळ रहिवासी म्हणालात, ते कुठे आहेत?"

साहेबाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी माझ्या फोमच्या खोलीच्या दारात उभा राहून ते पाहिलं. सांगितलं ना, मला सूड आवडतो. तो घास मी अजून चघळतोय. महिनाभरात खुर्च्यासुद्धा विकल्या गेल्या. टायरवाल्याने तो मजला गोदामाला घेतला. आम्हा सगळ्यांची नोकरी गेली, माझीही, आणि तरी मी खाली उतरताना शीळ घालत उतरलो.

राहिले मास्तर.

सगळे गेले तरी मास्तरांना तिने हलवलं नव्हतं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर आत्याला त्यांनीच पहिला निरोप लिहिला होता: 'मधल्या काळात कोणी चोर माझ्या नावाने लिहीत होता. मी तुमच्याकडे बादली मागेन, असं वाटलंच कसं तुम्हाला?' आत्याने त्यांना यथेच्छ झापलं आणि गाडी रुळावर आली. मास्तरांनी मग घरातली गोष्ट काढली. धाकटा भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाही, आता भेटायला येतो म्हणतोय, दार उघडू की नको? आत्या त्या भावावर दिवस दिवस विचार करायची. तिचं खुब्याचं दुखणं त्या भावाने अर्धं कमी केलं होतं.

आणि मग कंपनीने जाहीर केलं की गल्ली कायमची बंद होतेय.

शेजारणीला लिहावंच लागलं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लिहीत होती, मी तिथेच भाजी निवडत बसलो होतो. आतून आत्याचा दवाखान्यातला आवाज आला, ती मोठमोठ्याने वाचत होती: "'नंबरबाई, गल्ली मोडली. मी निघतो. तुमच्यासारखी शेजारीण कुठेच मिळाली नसती.' निघतो म्हणजे? कुठे निघतो हा माणूस, या पायाने?" मग ती म्हणाली, "बयो, ऐकतेस का? ही गल्ली ज्याने मोडली ना, त्याच्या दारात कधी कोणी उभं राहू नये. मरताना त्याच्या तोंडात पाणी घालायला कोणी नसावं. माझा शब्द आहे."

शेजारीण हातातला फोन घेऊन तशीच आत गेली. मी म्हटलं, नको. पण ती गेलीच.

"आत्या, गल्ली मी मोडली."

"तू?"

"मीच. आणि मास्तरही मीच होते. पहिल्या दिवसापासून."

आत्या तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. पुढे कितीतरी दिवस औषध दिलं तर 'हं', जेवण दिलं तर 'हं'. भाचीने पाय धरले, तिने पाय ओढून घेतले. मी जायचो, दोघींच्या मध्ये बसायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. माझं कोणी ऐकायचं नाही. ज्या बाईने एका माणसाला भर सभेत नागवा केला, ती आपल्याच घरात चोरासारखी वावरत होती.

मग एका संध्याकाळी आत्या भिंतीकडे पाहतच म्हणाली, "मास्तरांचा भाऊ आला का?"

शेजारीण दचकली. "आत्या, मास्तर नाहीत गं. नव्हतेच."

"ते मला शिकवू नकोस. भाऊ आला का?"

"मला आता खोटं बोलायचं नाही, आत्या."

"तुला विचारलंय कोणी, काय करायचंय ते?" आत्या वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज असा की समोरच्या कडीलासुद्धा ऐकू गेला असेल. "त्या साहेबाचा सूड घेतलास ना? चांगलं केलंस. मी असते तर मीही घेतला असता. पण त्यात माझा माणूस गेला. आता मी तुझा सूड घेते. रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसायचं आणि मास्तरांचं सांगायचं. रोज. कंटाळून मेले असं सांगितलंस तर याद राख."

"किती दिवस?"

"मी आहे तोवर."

शेजारीण उभीच राहिली. माझ्याकडे पाहिलं. तिने पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि बसली.

"आला होता भाऊ," ती म्हणाली. "पण मास्तरांनी दार उघडलं नाही."

"का?"

"रागावलेत."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "पुढे सांग."